चुकून टाइप झालेली कमांड चॅनलमध्ये जाण्याआधी अडवणारी छोटी स्क्रिप्ट

काही वर्षांपूर्वीची रात्र. एका मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतराचं काम चालू होतं. एका खिडकीत भाषांतराची फाइल, शेजारच्या खिडकीत आयआरसी, म्हणजे इंटरनेटवर टाइप करून गप्पा मारायची जुनी सोय. फाइलीसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लावलेला. चॅटच्या खिडकीत आलो, निकसर्व्हला (सभासदांच्या नावांची नोंद ठेवणारी सेवा) पासवर्ड देण्याची कमांड हाताच्या सवयीने, पडद्याकडे न बघता टाइप केली आणि एंटर दाबलं. चॅनलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या गप्पांच्या खोलीत, उमटलं:

यसेु लगमकेाीन ग्ालूगिब

आणि त्यापुढे तसाच आणखी एक अगम्य शब्द. मला वाटलं, निभावलं, हे कुणाला कळतंय! दोन मिनिटांत एका सभासदाचा खासगी निरोप आला. ‘पासवर्ड बदला’, आणि त्याखाली माझा पासवर्ड, रोमन अक्षरांत, एकही अक्षर न चुकता.

त्यात जादू काही नव्हती. इन्स्क्रिप्टमध्ये प्रत्येक कळेला एक अक्षर ठरलेलं आहे. स्लॅशच्या कळेवर ‘य’, एमवर ‘स’, एसवर ‘े’, जीवर ‘ु’. म्हणजे ‘/एमएसजी’ या चार कळांचं होतं ‘यसेु’. समोरच्याने कीबोर्डचा तक्ता उघडला आणि कळामागून कळ उलट वाचत गेला. आपल्याला अगम्य दिसणारी ओळ मुळीच कुलूपबंद नसते, हे त्या रात्री समजलं. दुसऱ्या दिवशी मी ही स्क्रिप्ट लिहायला बसलो. आता ती रोज माझ्या चॅटच्या दारात उभी असते. तुम्हाला तशीच हवी असेल तर पुढे सगळं क्रमाने सांगतो.

लेखात कमांडची आणि फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलीत आणि चॅटमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांतच टाइप करायची.

हे काम सर्व्हर का करू शकत नाही

आयआरसी 1988 साली फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्क्को ओइकारिनेन यांनी तयार केलं. त्याचा नियमग्रंथ, आरएफसी 1459, मे 1993चा. त्यात ‘स्लॅशने सुरू होणारी ओळ म्हणजे कमांड’ असा नियमच नाही. तो रिवाज क्लायंटचा, म्हणजे तुमच्या संगणकावरच्या प्रोग्रॅमचा. तुम्ही ‘/जॉइन’ लिहिता, क्लायंट स्लॅश काढून टाकतो आणि सर्व्हरला त्याच्या भाषेत मागणी पाठवतो. स्लॅश नसेल तर तीच ओळ ‘हे या चॅनलला सांग’ म्हणून जाते. बोलायची आणि हुकूम द्यायची जागा एकच, आणि दोन्हींमधला फरक ओळीच्या पहिल्या एका अक्षरात.

सर्व्हरपर्यंत ओळ पोचली तेव्हा ती साधं बोलणं झालेली असते. तिथून ती चॅनलमधल्या प्रत्येकाच्या पडद्यावर जाते. अनेक चॅनलमध्ये नोंदी ठेवणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, असतात आणि त्या नोंदी वेबवर कायम राहतात. म्हणून अडवायचं तर एंटर दाबल्यानंतर आणि ओळ संगणकाबाहेर पडण्याआधी, तेवढ्या फटीतच.

मी इर्सी वापरतो. टिमो सिराइनेन यांनी 1999 साली आणलेला, टर्मिनलमध्ये चालणारा क्लायंट. त्याला पर्ल भाषेतल्या स्क्रिप्ट जोडता येतात आणि ही फट तो आपल्याला उघडून देतो. वीचॅट या दुसऱ्या आयआरसी क्लायंटवाल्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे, पण मधलं वाचावं लागेल; डोकं दोन्हीकडे सारखंच चालवायचं आहे.

आधी चुका नीट ओळखा

स्क्रिप्ट लिहिण्यापूर्वी मी आठवडाभर माझ्या चुका वहीत टिपल्या. तुम्हीही टिपा, कारण कीबोर्ड बदलला की चूक बदलते.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे स्लॅशच्या आधी पडलेली स्पेस. कुठून तरी कमांड चिकटवली की ही हमखास येते. डोळ्याला ओळ अगदी बरोबर दिसते, क्लायंटला मात्र ती स्पेसने सुरू झालेली, म्हणजे बोलणं.

दुसरी, स्लॅश राहूनच जाणं: ‘एमएसजी निकसर्व्ह आयडेंटिफाय’ आणि पुढे पासवर्ड.

तिसरी शेजारच्या कळेची. आपल्याकडे सर्रास असलेल्या अमेरिकी कीबोर्डवर स्लॅशला लागून पूर्णविरामाची कळ आहे आणि शिफ्ट धरलेली राहिली तर स्लॅशचं प्रश्नचिन्ह होतं. म्हणून ‘.जॉइन’, ‘?जॉइन’. जर्मन किंवा फिनिश कीबोर्डवर स्लॅश शिफ्ट आणि 7 मिळून येतो. शिफ्ट उशिरा पडली की ‘7जॉइन’. फ्रेंच कीबोर्डवर स्लॅश विसर्गचिन्हाच्या कळेवर शिफ्ट धरून मिळतो, तिथे ‘:जॉइन’. जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये शिकायला, नोकरीला गेलेल्या आपल्या मंडळींनी तिथला लॅपटॉप घेतला की पहिले काही महिने ही चूक होतेच.

चौथी माझी, इन्स्क्रिप्टची. ‘/जॉइन’चं ‘यरदगल’, ‘/हूइज’चं ‘यैपदगे’, ‘/निक’चं ‘यलगमक’. फोनेटिक पद्धतीने मराठी टाइप करणाऱ्यांना हा त्रास नाही, तिथे स्लॅश स्लॅशच राहतो.

आणि पाचवी इर्सीचीच खास. इर्सीत ओळीची सुरुवात स्लॅश आणि लगेच स्पेस अशी झाली, तर पुढचा मजकूर बोलणं म्हणून जातो. ही मुद्दाम दिलेली सोय आहे, स्लॅशने सुरू होणारं वाक्य पाठवता यावं म्हणून. पण ‘/ एमएसजी निकसर्व्ह...’ असं घाईत टाइप झालं की ही सोयच दगा देते.

कमांडचं नाव चुकणं, म्हणजे ‘/एमएसजी’च्या जागी ‘/एमजीएस’, हे मी या यादीत घेतलेलं नाही. स्लॅश जागेवर असेल तर इर्सी ‘अशी कमांड नाही’ म्हणतो आणि गोष्ट घरातल्या घरात मिटते.

थांबवायचं, दुरुस्त करायचं नाही

स्क्रिप्ट लिहिताना मोह होतो: चूक कळलीच आहे तर तिनेच सुधारून कमांड चालवावी की! मी हे करून पाहिलं आणि चार दिवसांत काढून टाकलं. एकाला मदत करताना मी मुद्दाम स्पेस देऊन ‘ /पार्ट’ लिहिलं, कमांड दिसते कशी ते दाखवायला. स्क्रिप्टने ती ‘सुधारली’ आणि मी चॅनलच्या बाहेर. बिचारा समोरचा उत्तराची वाट बघत राहिला.

त्यामुळे माझा नियम पक्का आहे. स्क्रिप्टने ओळ अडवायची, का अडवली ते एका ओळीत सांगायचं, पुढचं माणसाने ठरवायचं. अडवलेली ओळ वाया जात नाही. इर्सी ती आधी टाइप केलेल्या ओळींच्या यादीत ठेवतो, वरच्या बाणाची कळ दाबली की परत समोर येते. एक अक्षर दुरुस्त करून एंटर दाबायला दोन सेकंद लागतात.

पायरी पहिली: फाइल आणि तिचा सांगाडा

होम फोल्डरमध्ये डॉट-इर्सी नावाचा लपलेला फोल्डर असतो. त्यात ‘स्क्रिप्ट्स’ नावाचा फोल्डर नसेल तर करा. त्यात ‘पहारा’ नावाची फाइल करा, पुढे डॉट पीएल. फाइल यूटीएफ-8मध्येच साठवा, कारण आत देवनागरी अक्षरं असणार आहेत.

फाइलीच्या डोक्यावर तीन ओळी: यूज स्ट्रिक्ट, यूज यूटीएफ8, यूज इर्सी. मधली विसरू नका. तिच्यामुळेच पर्ल तुमच्या फाइलीतलं ‘य’ हे एक अक्षर समजतं, नाहीतर त्याला तीन सुटे बाइट दिसतात. त्याखाली स्क्रिप्टची आवृत्ती आणि माहिती सांगणारी दोन चलं, व्हर्जन आणि इर्सी, दोन्ही कॅपिटल अक्षरांत. कुठलीही तयार इर्सी स्क्रिप्ट उघडलीत तर ती कशी लिहायची ते दिसेल.

मग ‘तपास’ नावाचं एक फंक्शन, आणि अगदी शेवटी ते जोडणारी ओळ: इर्सीच्या सिग्नल-ॲड-फर्स्ट या फंक्शनला दोन गोष्टी द्यायच्या, ‘सेंड कमांड’ हे सिग्नलचं (काही घडलं की इर्सी स्क्रिप्टला देतो ती सूचना) नाव आणि आपल्या फंक्शनचं नाव.

सिग्नल निवडताना बरेच जण चुकतात. इर्सीत ‘सेंड टेक्स्ट’ नावाचाही सिग्नल आहे आणि बोलणंच अडवायचं तर तोच बरोबर, असं वाटतं. पण तो येईपर्यंत इर्सीने ओळ तपासलेली असते आणि ‘स्लॅश-स्पेस’ची सुरुवात कापून टाकलेली असते. मूळ ओळ कशी होती हे मग कळायला मार्ग नाही. ‘सेंड कमांड’मध्ये तुम्ही टाइप केलेली ओळ जशीच्या तशी मिळते, कमांड असो वा बोलणं. आणि ‘फर्स्ट’ यासाठी की दुसऱ्या कुठल्या स्क्रिप्टने ओळ हातात घेण्याआधी आपण बघितलेली असावी.

पायरी दुसरी: तपासाचा क्रम

‘तपास’ला तीन गोष्टी मिळतात: ओळ, सर्व्हर आणि सध्या समोर असलेली वस्तू, म्हणजे चॅनल किंवा खासगी संवाद. ओळीची एक प्रत करून तिच्यावर यूटीएफ8-डीकोड चालवा. ओळ बाइटांत आली असेल तर तिची अक्षरं होतात. अक्षरं आधीच झालेली असतील तर देवनागरी मजकूर आहे तसाच राहतो. मूळ ओळीला हात लावायचा नाही.

मग या क्रमाने:

समोर चॅनल किंवा संवाद नसेल तर जाऊ द्या.
समोरचा संवाद निकसर्व्हशीच असेल तर जाऊ द्या.
ओळ ‘/’ने सुरू होते आणि पुढे स्पेस नाही, तर जाऊ द्या.
ओळ ‘/’ आणि स्पेसने सुरू होते, तर पुढचा मजकूर फक्त गुप्त नियमाशी (पासवर्ड अडवणारा नियम, तिसऱ्या पायरीत येईल) ताडून पाहा.
ओळ ‘^ +/’ या नमुन्यात बसते, तर अडवा.
गुप्त नियम लागू होतो, तर अडवा.
पहिलं चिन्ह चुकीचं आणि पुढचा शब्द कमांड, तर अडवा.
पहिला शब्द ‘य’ने सुरू होतो आणि उलट वाचल्यावर कमांड निघते, तर अडवा.
स्लॅश नसलेली कमांड वाटते, तर अडवा.
बाकी सगळं जाऊ द्या.

दुसरी ओळ महत्त्वाची आहे. निकसर्व्हच्या संवादाच्या खिडकीत बसून ‘आयडेंटिफाय’ आणि पासवर्ड लिहिणं बरोबरच असतं, तिथे अडवलंत तर वैतागून स्क्रिप्टच काढून टाकाल. पर्लमध्ये त्या वस्तूचं नाव ‘नेम’ या किल्लीखाली मिळतं. लहान-मोठी अक्षरं सारखी मानून ताडा.

पाचव्या ओळीतला नमुना पर्लमध्ये तिरप्या रेघांच्या मध्ये लिहायला गेलात तर आतल्या स्लॅशने घोळ होतो. त्यासाठी एम अक्षर लिहून महिरपी कंसात नमुना ठेवा.

अडवण्यासाठी इर्सीचं सिग्नल-स्टॉप, आणि त्याआधी चालू खिडकीत एक ओळ छापायची. मी छापतो: ‘पहारा: स्लॅशआधी स्पेस आहे, ओळ पाठवलेली नाही’. अडवलेली ओळ स्वतः कधीही छापू नका. तुम्ही संवादांच्या नोंदी फाइलीत ठेवत असाल तर पासवर्ड तिथे जाऊन बसेल. छापताना संदेशाची पातळी ‘क्लायंटक्रॅप’ ठेवा. इर्सीच्या मूळ सेटिंगमध्ये आपोआप होणाऱ्या नोंदींतून ही पातळी वगळलेली असते.

पायरी तिसरी: यादी कुठे मोठी, कुठे छोटी

स्क्रिप्टची खरी परीक्षा इथे आहे. स्लॅश नसलेली ओळ कमांड आहे की साधं वाक्य, हे कसं ठरवायचं? जॉइन, हेल्प, लिस्ट, टॉपिक, नेम्स, अवे, इन्व्हाइट, हे सगळे इंग्रजीतले रोजचे शब्द आहेत. ‘हेल्प’ने सुरू होणारी प्रत्येक ओळ अडवलीत तर मदत मागायला आलेल्या चॅनलमध्ये तुमचंच तोंड बंद.

म्हणून दोन याद्या. पहिलं चिन्ह चुकलेलं असेल तेव्हा मोठी यादी चालते. ‘?जॉइन’ किंवा ‘7जॉइन’ने कुणी वाक्य सुरू करत नाही. ही यादी हाताने लिहायची गरज नाही. इर्सीचं ‘कमांड्स’ हे फंक्शन त्याला माहीत असलेल्या सगळ्या कमांड देतं. त्यातली स्पेस असलेली नावं, म्हणजे उपकमांड, गाळून उरलेली घ्या. टोपणनावं मात्र त्यात येत नाहीत. ‘/जे’ म्हणजे जॉइन, ‘/एम’ म्हणजे एमएसजी, अशी जी तुम्ही वापरता ती हाताने जोडा. चुकीच्या चिन्हांचा गट तुमच्या कीबोर्डप्रमाणे ठेवा, माझा ‘[.?,]’ एवढाच आहे. काही चॅनलमध्ये बॉटला पूर्णविरामाने हुकूम देतात. तसं असेल तर त्या चॅनलचं नाव वगळण्याच्या यादीत घाला.

चिन्ह अजिबातच नसेल तेव्हा यादी छोटी, आणि प्रत्येक शब्दाला स्वतःची अट:

‘एमएसजी’, ‘हूइज’, ‘निकसर्व्ह’ हे शब्द पहिले आले आणि पुढे आणखी काही आहे, तर अडवा.
‘जॉइन’ किंवा ‘जे’, पण पुढचा शब्द ‘#’ने सुरू होत असेल तरच.
‘निक’, पण ओळीत एकूण दोनच शब्द असतील तरच.
‘क्विट’ आणि ‘पार्ट’, एकटेच असतील तरच.

एवढंच. यात भर घालण्याआधी स्वतःला विचारा, ही चूक बाहेर गेली तर नुकसान काय? कुणी चुकून ‘क्लियर’ लिहिलं तर चॅनलला एक शब्द दिसेल आणि लोक पुढे बोलू लागतील. त्यासाठी पहारा नको.

गुप्त नियम मात्र कडक ठेवा. ओळीत कुठेही ‘निकसर्व्ह’ किंवा त्याचं छोटं रूप ‘एनएस’ आणि त्यामागोमाग आयडेंटिफाय, रजिस्टर, घोस्ट, रीगेन, रिलीज, सेट यांपैकी एक आला की ओळ अडलीच पाहिजे. ‘आयडेंटिफाय’ हाच पहिला शब्द असून ओळीत दोन किंवा तीन शब्द असतील तरीही. तुम्ही नेटवर्क चालवत असाल तर ‘ओपर’ही. एक सूट ठेवा: पासवर्डच्या जागी ‘<’ चिन्हाने सुरू होणारा शब्द असेल तर जाऊ द्या. नव्या माणसाला कमांड समजावताना आपण तशीच लिहितो आणि तिथे गुप्त काही नसतं.

स्लॅश-स्पेसची पळवाट यामुळेच शिल्लक राहते. कुणाला खरोखर ‘/जॉइन’ हा मजकूर दाखवायचा असेल तर ‘/ /जॉइन’ लिहा, ओळ जाईल. पासवर्डसारखं काही असेल तर या वाटेनेही जाणार नाही.

पायरी चौथी: इन्स्क्रिप्टचा उलटा तक्ता

हा भाग इतर भाषांच्या लोकांनी लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये मिळणार नाही, म्हणून पूर्ण देतो. कीबोर्डच्या ओळींप्रमाणे, शिफ्ट न दाबता:

वरची ओळ, क्यू ते पी: ौ ै ा ी ू ब ह ग द ज
मधली ओळ, ए ते एल: ो े ् ि ु प र क त
खालची ओळ, एक्स ते एम: ं म न व ल स

झेडची कळ आपल्याला लागत नाही. पर्लमध्ये याचा एक हॅश, म्हणजे जोड्यांचा तक्ता, करा: डावीकडे देवनागरी अक्षर, उजवीकडे रोमन कळ. नुसती काना-मात्रा टाइप करताना संपादकात ती ठिपक्यांच्या वर्तुळावर दिसेल, ते ठीक आहे. वर्तुळ फाइलीत जात नाही.

आता ओळीचा पहिला शब्द घ्या. तो ‘य’ने सुरू होत नसेल तर विषय संपला. होत असेल तर ‘य’ सोडून उरलेलं एकेक अक्षर तक्त्यातून उलटवा. एखादं अक्षर तक्त्यात नसेल तर तिथेच थांबा, ते मराठी वाक्य आहे, जाऊ द्या. सगळी उलटली आणि मोठ्या यादीतली कमांड निघाली तर अडवा.

‘यसेु’ घेऊन हाताने करून पाहा: य सोडला, स म्हणजे एम, े म्हणजे एस, ु म्हणजे जी. एमएसजी. अडवली.

एक अट जरूर घाला: उलटलेला शब्द निदान तीन अक्षरांचा हवा. नाहीतर ‘यम’ हा शब्द उलटून ‘/सी’ होतो, आणि ते इर्सीत पडदा साफ करण्याचं टोपणनाव आहे. ते तुम्ही यादीत जोडलं असेल तर ‘यम’ने सुरू होणारं वाक्य अडेल. तीनची अट घातली की माझ्या रोजच्या मराठी गप्पांत या नियमाने आजवर एकही खरं वाक्य अडवलेलं नाही. ‘यादी’, ‘यात’, ‘येतो’, ‘युग’ सगळे सुखरूप जातात.

पायरी पाचवी: चढवणं आणि तपासणं

पहिली चाचणी खऱ्या चॅनलमध्ये करू नका. स्वतःचं, कुणाला ठाऊक नसलेल्या नावाचं चॅनल उघडा, तिथे एकटे बसा आणि इर्सीत ‘/स्क्रिप्ट लोड’ पुढे फाइलीचं नाव द्या. चूक असेल तर ती लगेच छापली जाईल. फाइल बदलली की पुन्हा तीच कमांड द्यायची, जुनी आपोआप उतरते.

चाचणीच्या ओळी आधी कागदावर लिहून घ्या. अडायला हव्यात अशा सात-आठ, आणि जायलाच हव्यात अशाही तितक्याच. दुसरा गट लोक विसरतात आणि मग पहारा गळ्याशी येतो. माझ्या दुसऱ्या गटात ‘हेल्प’ने सुरू होणारं इंग्रजी वाक्य, ‘यादी पाठवतो’, ‘निक’ हा शब्द मध्ये असलेलं वाक्य, नुसता ‘...’, वेबचा पत्ता आणि ‘/ /जॉइन’ हे सगळं आहे. पासवर्डच्या जागी अर्थातच खोटा शब्द वापरा.

सगळं नीट चाललं की ‘स्क्रिप्ट्स’च्या आत ‘ऑटोरन’ नावाचा फोल्डर करून त्यात फाइल ठेवा किंवा तिचा दुवा करा. इर्सी उघडला की स्क्रिप्ट चढेल.

आता एक धोका, जो मला उशिरा कळला. चालू असताना स्क्रिप्टमध्ये चूक घडली तर इर्सी चुकीची ओळ छापतो आणि ती स्क्रिप्ट उतरवून टाकतो. ती ओळ वर सरकून जाते, आणि तुम्ही पहारा आहे समजून निर्धास्त टाइप करत राहता. उपाय सोपा आहे. स्क्रिप्टमध्ये कमांड-बाइंड वापरून ‘पहारा’ नावाची स्वतःची कमांड जोडा, जी फक्त ‘जागा आहे’ एवढं छापेल. स्क्रिप्ट उतरली असेल तर इर्सी म्हणेल, अशी कमांड नाही. मी रोज सकाळी एकदा ‘/पहारा’ टाइप करतो, आणि इर्सी किंवा पर्ल अद्ययावत केल्यावर तर न चुकता.

स्क्रिप्टच्या हाताबाहेरचं

नुसता पासवर्ड, आगेमागे काही नसलेला, ही स्क्रिप्ट ओळखू शकत नाही. दुसऱ्या टर्मिनलमध्ये सुडोसाठीचा (संगणकाच्या मुख्य अधिकारांनी कमांड चालवण्याचा) पासवर्ड द्यायचा होता आणि लक्ष चॅटच्या खिडकीवर होतं, अशा वेळी ओळीत कमांडचं काहीच चिन्ह नसतं. चिकटवलेल्या मजकुराबाबतही तेच. इर्सी एकदम बऱ्याच ओळी चिकटवल्या तर विचारतो, एका ओळीला विचारत नाही.

म्हणून मुळात पासवर्ड टाइप करायची वेळच कमी करा. 2016च्या 0.8.18 आवृत्तीपासून इर्सीत सॅसलची, म्हणजे सर्व्हरला जोडतानाच पासवर्ड आपोआप देण्याची, सोय आतच आहे. ‘/नेटवर्क ॲड’ला सॅसल-यूजरनेम, सॅसल-पासवर्ड आणि सॅसल-मेकॅनिझम प्लेन हे पर्याय द्या, मग ‘/सेव्ह’. जोडणी होतानाच ओळख पटते. मे 2021नंतर बरेच मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प लिबेरा चॅट या आयआरसी नेटवर्कवर गेले, तिथे हे व्यवस्थित चालतं. पासवर्ड आता डॉट-इर्सीमधल्या ‘कॉन्फिग’ फाइलीत साध्या अक्षरांत राहतो, म्हणून ती फक्त तुम्हालाच वाचता यावी यासाठी तिच्यावर सीएचमॉड 600 चालवा. ही एक कमांड टाइप करताना स्लॅश दोनदा बघा, आणि ती स्टेटस खिडकीत जाऊन द्या, जिथे समोर चॅनलच नसतं.

तसंच, झेडएनसीसारखा बाउन्सर (तुमच्या वतीने चॅटला सतत जोडलेला राहणारा प्रोग्रॅम) लावून फोनवरून दुसऱ्या क्लायंटने बोलत असाल तर तिथे हा पहारा नाही. स्क्रिप्ट इर्सीच्या आत राहते.

वीचॅट वापरत असाल तर

वीचॅटमध्ये पायथन घ्या, मजकूर अक्षरांतच मिळतो आणि डीकोडची भानगड नाही. हुक-मॉडिफायर वापरून ‘इनपुट टेक्स्ट फॉर बफर’ हा मॉडिफायर पकडा. नावातले शब्द खालच्या रेघेने जोडलेले आहेत. तुमच्या फंक्शनला बफर आणि ओळ मिळते. ओळ जाऊ द्यायची तर तीच परत करा, अडवायची तर रिकामी ओळ परत करा. कमांडही याच वाटेने येतात, त्यामुळे तपासाचा क्रम वरचाच.

बफर चॅनलचा आहे की खासगी, हे ‘लोकलव्हार टाइप’ विचारून कळतं. स्लॅश-स्पेसचा नियम इथे काढून टाका. वीचॅटमध्ये स्लॅशने सुरू होणारा मजकूर पाठवायला दोन स्लॅश देतात. म्हणून ‘//’ने सुरू होणारी ओळ गुप्त नियमाशी ताडून पाहा. फाइल वीचॅटच्या पायथन फोल्डरमधल्या ‘ऑटोलोड’मध्ये ठेवायची.

ओळ गेलीच तर

आयआरसीवर गेलेली ओळ मागे घेता येते असं धरून चालू नका. चॅनलमध्ये स्पष्टीकरण देत बसू नका, त्याने सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं. आधी स्टेटस खिडकीत या, कीबोर्ड इंग्रजीवर आहे ना ते बघा, आणि निकसर्व्हला ‘सेट पासवर्ड’ने नवा पासवर्ड द्या. मग चॅनलच्या चालकांना खासगीत विचारा, इथल्या नोंदी वेबवर जातात का आणि ती ओळ काढता येईल का. मग सॅसलच्या सेटिंगमध्ये नवा पासवर्ड भरून ‘/सेव्ह’ करा, नाहीतर पुढच्या जोडणीला ओळख पटणार नाही. आणि जुना पासवर्ड आणखी कुठे वापरला होता, मेल, बँक, भाषांतराची साइट, ते आठवून त्याच रात्री तिथलाही बदला.